यंत्र गाणाऱ्याच्या दारी



कामगार चळवळीतला माणूस यंत्रावर बोलावयास उभा राहिला, म्हणजे तो यंत्राविरुद्धच बोलणार, असा आपला समज झाला असेल तर त्यात नवल नाही. बंदरातल्या यंत्रांनी आमच्या किती भावंडांच्या हातचे काम नेले, याचा हिशेब आम्ही दुसऱ्या व्यासपीठांवरून पुष्कळ वेळा मांडला आहे. आज मात्र आम्ही एका यंत्राची बाजू घेऊन आलो आहो. हे यंत्र जासईला आमच्या युनियनच्या कचेरीत पत्र्याच्या कपाटात असते. पाहणाऱ्याला ती शाळकरी मुलाची जुनी ट्रंक वाटते. वस्तुतः तो एक संगणक आहे. माणसे जिथे असतील तिथे जाऊन त्यांचा आवाज टिपून घेण्यासाठी आमच्या पोरांनी जुळविलेला. तो का जुळवावा लागला, हे सांगावयाचे तर शंभर-सव्वाशे वर्षे मागे जावे लागते.

आमचे शालेय शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयांतून आणि रात्रपाळीच्या फावल्या वेळातून. तेव्हा पंडितांच्या नजरेतून काही निसटले तर त्यांनी सांभाळून घ्यावे. ध्वनिमुद्रणाचा इतिहास लिहिणारे बहुधा यंत्रांची वंशावळ देतात : मेणाची नळी, तबकडी, फीत आणि आता संगणक. आम्हाला त्या इतिहासात एकच प्रश्न दिसतो, आणि तो जुना श्रमाचाच प्रश्न आहे. गाणाऱ्याने यंत्राकडे जावयाचे, की यंत्राने गाणाऱ्याकडे यावयाचे? ज्याला हातचे काम टाकून जाता येत नाही, त्याचा आवाज यंत्रापर्यंत पोहोचावयाचा कसा?

एडिसनने १८७७ साली बोलके यंत्र केले. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १९०२ साली, फ्रेड गायझबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा माणूस यंत्रे घेऊन कलकत्त्यास उतरला. गौहरजान यांच्या तबकड्या त्याच वेळच्या. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. भल्यामोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावयाचे, त्या जोराने सुई थरथरावयाची आणि मेणावर रेघ उमटावयाची. गाणे तीन मिनिटांत संपवावयाचे, कारण तबकडी तेवढीच. गाण्याच्या शेवटी गौहरजान आपले नाव इंग्रजीत सांगत. तबकड्या छापल्या जात होत्या जर्मनीत हॅनोव्हरला. तिथल्या कारागिराला हा आवाज कोणाचा ते कळावे, म्हणून ही रीत पडली असे सांगतात. हा तपशील आपण ध्यानात ठेवावा. आमच्या ट्रंकेपाशी आम्हाला तो पुन्हा उपयोगी पडला.

ग्रिअर्सनसाहेबांचे भारतीय भाषांचे सर्वेक्षण प्रसिद्धच आहे. त्याला जोडून सरकारने निरनिराळ्या बोलींच्या ध्वनिमुद्रिका करविल्या. त्यांत बायबलातल्या उधळ्या पुत्राचा दाखला प्रत्येक बोलीत म्हणवून घेत, आणि जोडीला कधी एखादी गोष्ट किंवा गाणे. तुलनेसाठी एकच उतारा हवा, हे शास्त्राच्या दृष्टीने योग्यच आहे. पण आमच्या मनात येते, की बापाच्या घरी परतलेल्या त्या मुलाची गोष्ट सांगून झाल्यावर त्या शेतकऱ्याला किंवा कारकुनाला आपल्या स्वतःच्या घरचे काही सांगावेसे वाटले असेल. तेवढ्यात तबकडी संपली असेल.

आता मुंबईला येऊ. अर्देशीर इराणी यांच्या इंपीरियल कंपनीचा ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. चित्र आणि आवाज एकाच वेळी, एकाच पट्टीवर घेण्याची ‘टॅनार’ पद्धत तेव्हा वापरली होती. म्हणजे नट बोलेल ते जागच्या जागी टिपले जावयाचे. मागाहून भरण्याची सोय नाही. आणि स्टुडिओ आगगाडीच्या रुळांजवळ! दिवसभर गाड्यांचा खडखडाट. म्हणून गाड्या थांबल्यावर, मध्यरात्रीनंतर, चित्रीकरण करीत. मायक्रोफोन नटांच्या आसपास, कॅमेऱ्याला दिसणार नाहीत असे दडवून ठेवीत. मराठीतला पहिला बोलपट, प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’, १९३२ चा. ‘आलम आरा’ची गोष्ट आम्हाला इतकी का आवडते, ते पुढे येईल. मात्र त्या चित्रपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. रात्री जागून टिपलेला तो सगळा आवाज गेला. टिपणे आणि टिकविणे ही दोन वेगळी कामे आहेत, याचा इतका कडवट पुरावा दुसरा नसेल.

त्यानंतर चुंबकीय फीत आली. पोलंडमधून परागंदा होऊन स्वित्झर्लंडमध्ये स्थायिक झालेल्या घराण्यातल्या स्टेफान कुदेल्स्की या तरुणाने १९५१ साली खांद्याला अडकवून नेता येईल असे फितीचे यंत्र केले. पहिल्या यंत्राची मोटार घड्याळासारखी किल्ली देऊन चालत असे. त्याने नाव ठेविले ‘नाग्रा’. पोलिश भाषेत त्याचा अर्थ ‘ध्वनिमुद्रण करील’ असा होतो. पुढे तीस-चाळीस वर्षे जगभरच्या चित्रपटवाल्यांनी आणि नभोवाणीवाल्यांनी हेच यंत्र खांद्यावर वागविले. यंत्र प्रथमच माणसाच्या मागे चालू लागले; परंतु त्याची किंमत अशी, की ते संस्थेचेच असावयाचे. आमच्यासारख्यांच्या कपाटात ते येणे शक्य नव्हते.

संगणकाचा या गोष्टीतला प्रवेश आपल्या मुंबईतूनही झाला, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. बर्नार बेल नावाचे एक फ्रेंच गृहस्थ संगणकशास्त्र आणि संगीत या दोन्हींचे जाणकार. १९८०च्या दशकाच्या आरंभी नरिमन पॉइंटच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समध्ये, गायकाचा स्वर नेमका कोणत्या श्रुतीवर लागतो आणि कसा सरकतो ते रेखाटून दाखविणाऱ्या यंत्रावर त्यांनी काम केले. त्याच सुमारास जेम्स किपन हे इंग्रज अभ्यासक लखनौला उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. दोघांनी मिळून ‘बोल प्रोसेसर’ नावाची आज्ञावली केली. तबल्याच्या कायद्याचे नियम लहानशा अ‍ॅपल संगणकात भरावयाचे, संगणकाने त्या नियमांवरून नवे पलटे काढावयाचे, आणि ते बरोबर की चूक याचा निकाल तबलियाने द्यावयाचा. निकाल चूक पडला की नियम सुधारावयाचा. आम्हाला यात मौज वाटते ती हुद्द्यांच्या उलटापालटीची. संगणक विद्यार्थी आणि उस्ताद परीक्षक! संगणक विद्वानाच्या खोलीत बसून राहिला असता तर ही परीक्षा झालीच नसती.

हेच बेल पुढे जात्यावरच्या ओव्यांच्या कामात आले. हे काम मूळचे गी पॉइत्व्हँ आणि हेमा राईरकर यांचे. पॉइत्व्हँ फ्रान्समधून येऊन पुण्याला स्थायिक झालेले. मुळशी-मावळच्या डोंगरी भागात गरीब डोंगरी संघटनेचे काम चालू असताना त्यांनी बायकांना बोलते केले, तेव्हा बायका बोलण्याऐवजी ओव्या म्हणू लागल्या. कारखान्याच्या फाटकाशी आम्हीही पुष्कळ जणांना बोलते केले आहे. माणूस जाहीर सभेत गप्प राहतो आणि कामाच्या तालात सगळे सांगून टाकतो, हा आमचाही अनुभव. वीस वर्षांत हजाराहून अधिक गावांतल्या तीन हजारांवर बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी आणि त्यांच्या गावोगावच्या सहकाऱ्यांनी उतरवून घेतल्या. बेल यांनी १९९०च्या दशकात त्यांची संगणकावर नोंदवही बांधली आणि १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण गावोगाव जाऊन केले. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसचे मुद्रण १९९६ सालचे आहे.

आपण क्षणभर विचार करा. पिठाच्या गिरण्या येऊन जाते थांबू लागले होते. ओवी ही काही मंचावर उभे राहून म्हणावयाची वस्तू नाही. हाताला खुंटा, समोर दुसरी बाई, घरात निजलेली माणसे, आणि पहाट. त्या बाईला स्टुडिओत बोलावले असते तर ती आली नसती. आली असती तरी ओवी आली नसती, कारण ओवी जात्याच्या फेऱ्याला बांधलेली. यंत्रच जात्यापाशी गेले म्हणून ते आवाज राहिले. राईरकर आणि पॉइत्व्हँ आज हयात नाहीत. परंतु ‘पारी’ या संस्थेने तो संग्रह हाती घेऊन २०१७ पासून लोकांपुढे आणला आहे.

यंत्र हलके झाल्याचे दुसरे एक फळ आमच्या चळवळीच्या अंगाने सांगतो. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा अनुबोधपट २०११ चा. घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ रोजी झालेल्या गोळीबारानंतर त्यांनी चौदा वर्षे वस्त्यावस्त्यांतून शाहिरांची गाणी आणि बोलणी टिपली. चौदा वर्षे वस्तीत येत-जात राहावयाचे तर यंत्र पिशवीत मावणारेच पाहिजे. मोटारीतून उतरणाऱ्या यंत्रापुढे माणसे नीट कपडे करून बसतात आणि नीट बोलतात. आम्हाला त्या नीट बोलण्याचे भय वाटते.

आता जासईचे सांगतो. आमच्या आगरी समाजात लग्नात धवले म्हणतात. ते म्हणणारी ती धवलारीण. पूर्वी तिनेच लग्न लावावे अशी रीत होती; हळदीपासून पाठवणीपर्यंतचा प्रत्येक विधी तिच्या तोंडून चाले. शब्दाचे कूळ मोठे आहे. महानुभाव पंथातल्या महदाइसेचे ‘धवळे’ तेराव्या शतकातले. आता मांडवात ध्वनिक्षेपकांची भिंत उभी असते आणि धवलारीण स्वयंपाकघराच्या दाराशी हळू आवाजात आपले काम उरकते. ही एक गोष्ट.

दुसरी गोष्ट अशी की जासई हे दि. बा. पाटील यांचे गाव. नवी मुंबईसाठी गेलेल्या जमिनींच्या लढ्यात १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवशी दास्तान फाटा आणि नवघर परिसरात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क त्या रक्तातून आला. आम्ही तेव्हा नववीत होतो. त्या दिवशी मोर्च्यात असलेली माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. दि. बा. स्वतः २०१३ साली गेले. स्मारकाशी दर वर्षी भाषणे होतात, आणि भाषणे करणाऱ्यांत आम्हीही असतो. पण त्या दिवशी कोणाच्या पायात चप्पल नव्हती, कोण कोणाचा हात धरून पळाले, घरी चूल पेटली की नाही, हे भाषणात येत नाही.

हे सगळे टिपावे असे २०२१ साली टाळेबंदी सैल झाल्यावर युनियनच्या बैठकीत ठरले. कोणी म्हणाले, मोबाइल आहे की! मोबाइल वाईट नाही, नाही त्यापेक्षा मोबाइल पुष्कळ बरा. पण चार म्हातारी माणसे ओळीने बसली तर तो जवळच्याचे टिपतो आणि लांबच्याचे सोडतो. मध्येच कोणाचा फोन येतो. आणि बोलणारा थांबला की तो आपणहून आवाज चढवून पंख्याची घरघर मोठी करतो. बाजारात चांगली तयार यंत्रे मिळतात, पण चार मायक्रोफोनांच्या यंत्राची किंमत वर्गणीत बसेना. शिवाय आम्हाला जागच्या जागी नाव-गाव लिहून ठेवावयाचे होते, बोलणाऱ्याला त्याचा आवाज ऐकवावयाचा होता आणि निघण्यापूर्वी त्या घरात एक प्रत ठेवावयाची होती. ही कामे संगणकाची.

तेव्हा आमच्या सभासदांच्या दोन मुलांनी आणि एका मुलीने तो जुळविला. रास्पबेरी पाय नावाचा हाताच्या पंजाएवढा संगणक, मायक्रोफोन जोडण्याची चार तोंडांची पेटी, फिरती तबकडी नसलेली साठवणीची डबी आणि बारा व्होल्टची सात अँपिअर-तासांची बॅटरी. पहिले खोके आम्ही कंटेनरच्या तळाच्या प्लायवुडचे केले. ते इतके जड झाले की दोघांनी उचलावे लागे. आयुष्यभर जड पेट्या उचलणाऱ्यांविषयी भाषणे देऊन आम्ही स्वतः तीच चूक केली! मग ट्रंक आली. सगळे मिळून पाच किलोच्या आत.

हिशेब असा. आवाजाची लाट सेकंदाला ४८,००० वेळा मोजावयाची, प्रत्येक मोजणीला तीन बाइट, आणि मायक्रोफोन चार. म्हणजे सेकंदाला ५,७६,००० बाइट आणि तासाला दोन गिगाबाइटांहून थोडे अधिक. बॅटरी ८४ वॉट-तासांची, पण शिशाच्या बॅटरीतून अर्ध्याहून अधिक काढू नये; ट्रंक खाते बारा वॉट. म्हणजे साडेतीन तास. घरच्या विजेवर का चालवू नये, असे आपण विचाराल. पहिल्या दिवशी तसेच केले. यंत्राची एक दोरी भिंतीच्या विजेला आणि दुसरी ध्वनिक्षेपकाच्या पेटीला जोडली, आणि धवल्यामागे सेकंदाला पन्नास कंपनांची गुणगुण अखंड येत राहिली. दोन वाटांनी जमिनीला मिळालेल्या यंत्रांत असे फिरते प्रवाह शिरतात. त्या दिवसापासून बॅटरी.

पंखा काढून टाकला, कारण त्याचा आवाज मायक्रोफोन ऐकत होता. तर वैशाखात, पत्र्याच्या मांडवात, संगणक ऐंशी अंशांवर तापला आणि आपली गती आपणच कमी करू लागला. मुद्रणात टिक्‌ टिक्‌ असे खाडे पडले. आमच्या उरणकडच्या माणसांना याचे कारण समजणे सोपे आहे. मिठागरात भरतीचे पाणी आधी एका मोठ्या साठ्यात घेतात आणि मग सावकाश वाफ्यांत सोडतात. साठा लहान आणि सोडणारा आळशी असला तर पाणी बांधावरून जाते. संगणकातही आवाजासाठी असाच एक साठा असतो. आम्ही तो साठा मोठा केला आणि खिडकीच्या जुन्या अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा संगणकाच्या पाठीला लावून उष्णता ट्रंकेच्या अंगावर काढली. ट्रंक आता तापते, पण आवाज शांत येतो.

आणि बंदराच्या रस्त्यावरचे ट्रेलर! त्यांची खालच्या पट्टीतली घरघर भिंतीतून येते. ऐंशी कंपनांखालचा भाग गाळता येतो, पण हॉर्न गाळता येत नाही. शेवटी आम्ही धवलारणीलाच विचारले, तर तिने पहाटे तीनची वेळ दिली. त्यातल्या त्यात तेव्हा रस्ता थंड असतो. नव्वद वर्षांपूर्वी अर्देशीर इराणी आगगाडीसाठी जागले, आम्ही ट्रेलरसाठी. ती सुरू झाली ती थांबेना. दीड तासाने बॅटरीची वायर निसटली आणि दिवा गेला. ती हसून म्हणाली, “ए बाला, तुजी पेटी निजली का रं?” त्या फाइलची लांबी शून्य दिसत होती. पुढे आमच्या मुलीला कळले, की फाइलच्या माथ्यावरची लांबीची नोंद मुद्रण बंद करताना लिहिली जाते. मजकूर डबीत पडलेलाच असतो. तिने ती नोंद हाताने भरली आणि दीड तासाचा धवला परत आला. त्या मुलीला आम्ही बैठकीत हार घातला. ती लाजली, पण हार तिच्या घरी अजून टांगलेला आहे.

पुढची चूक मात्र हाताने भरून येण्यासारखी नव्हती. २०२२ च्या जानेवारीत चौऱ्याऐंशीच्या मोर्च्यातले चार वृद्ध एका ओसरीवर एकत्र बसविले. प्रत्येकापुढे एक मायक्रोफोन. आरंभी गौहरजानबाईंच्या रीतीने प्रत्येकाने नाव, गाव आणि तारीख सांगितली. पुढे चौघे एकमेकांना विसरलेले आठवून देऊ लागले. अशी बैठक आम्ही जन्मात ऐकली नव्हती. अडीच तासांहून अधिक चालली. लाल दिवा शेवटपर्यंत पेटलेला होता. घरी आल्यावर पाहिले तर मुद्रण दोन तास चार मिनिटांनी थांबले होते. त्या जातीच्या फाइलच्या माथ्यावर लांबीसाठी जी जागा असते, तीत चार गिगाबाइटांहून मोठा आकडा मावतच नाही. चार मायक्रोफोनांनी ती मर्यादा नेमकी दोन तास चार मिनिटांत गाठली, आणि आमची आज्ञावली दिवा न विझविता मुकाट्याने थांबली. दोन मायक्रोफोन असते तर पुरले असते. हिशेब आम्हाला येत होता, आम्ही तो केला नव्हता.

महिन्याभराने चौघांना पुन्हा बसविले. त्यांनी आनंदाने सांगितले. पण ते पूर्वीचे सांगणे नव्हते. पहिल्या वेळी एकाने वाक्य अर्धे सोडले होते, ते दुसऱ्याने पुरे केले होते. आता प्रत्येकजण आपापले वाक्य पुरे करीत होता. पळण्याचा भाग आला तेव्हा त्यांनी ‘पळालो’ म्हटले नाही, ‘मागे सरलो’ म्हटले. त्या चौघांपैकी दोघे आता नाहीत. पहिल्या मुद्रणाच्या शेवटी त्यांतल्याच एकाचा आवाज आहे. तो सांगतो आहे की संध्याकाळी रस्ता सोडून तो खाडीच्या अंगाने घरी निघाला, आणि मध्ये बांधावर त्याला कोणी— एवढ्यावर ते तुटते. बांधावर कोण भेटले, ते दुसऱ्या खेपेस त्याने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

आता आमची आज्ञावली दर अर्ध्या तासाला नवी फाइल सुरू करते, आणि दिवा मुद्रण चालू असेल तेव्हाच पेटतो. प्रत्येक बैठकीच्या तीन प्रती होतात : एक त्या घरात, एक कचेरीत आणि एक गावाबाहेर. अजून जासईच्या आसपासच्या गावांत जाणे व्हावयाचे आहे. आपल्यापैकी कोणाच्या घरी धवले म्हणणारी आजी असेल, किंवा चौऱ्याऐंशीच्या मोर्च्यात गेलेले कोणी असेल, तर कचेरीत चिठ्ठी ठेवावी. ट्रंक आणि एक मुलगा मिळेल, भाडे नाही. परत देताना बॅटरी तेवढी भरून द्यावी.